परतीचा रविवार

मे महिना संपत आला की काजवे बघायला भंडारदऱ्याला निघालेल्यांचे फोन सुरू होतात. तंबूत डास चावतात का, बाथरूम कशी आहे, आजींना झेपेल का, सगळं विचारून होतं. परतीबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. परतीचे फोन येतात सोमवारी. "अहो, घरी पोचायला रात्रीचा दीड वाजला." "शहापूरच्या अलीकडे ह्यांना डुलकीच लागली हो." "नाक्यावर दुप्पट पैसे घेतले, असं करता येतं का त्यांना?" दर वर्षी तीच उत्तरं तोंडी देत आले. या वेळी लिहून देते.

तुम्ही पवनेकाठी गेलात काय किंवा दिवेआगरच्या किनाऱ्यावर, गावांची नावं तेवढी बदलतात. मी भंडारदरा धरून लिहिते आहे, कारण तो रस्ता मला पाठ आहे.

सगळ्यांत दमलेला माणूस कुठे बसलाय?

स्टिअरिंगवर. इतर कुठल्याही मुद्द्याआधी एवढं मान्य करा.

काजवे अंधार पडल्यावर, आठ-साडेआठनंतर खरे दिसू लागतात. ते बघून, शेंडी गावातल्या गाड्यांच्या रांगेतून वाट काढत तंबूपाशी यायला अकरा-बारा वाजतात. मग गप्पा. वळवाचा वारा रात्रभर तंबू फडफडवतो, सहाच्या आत उजाडतं आणि शेजारच्या तंबूतलं कोणीतरी गाणी लावतं. झोप झालेली असते जेमतेम चार तास. ज्याला परत गाडी चालवायची असते, त्यानेच आदल्या दिवशीही चालवलेली असते, खुंट्या त्यानेच ठोकलेल्या असतात आणि कोळशावर चिकनही त्यानेच भाजलेलं असतं.

तीन वर्षांपूर्वी ती व्यक्ती मी होते. रविवारची रात्र, आसनगाव मागे पडलेलं. मागच्या सीटवर लेक टॉर्च हातात धरून झोपली होती. टॉर्च चालूच, त्याचा उजेड गाडीच्या छताला. शेजारी नवरा घोरत होता. डिकीतून ओल्या तंबूचा कुबट वास येत होता. एकदम टायरखालून घर्रर्र आवाज आला. गाडी रस्त्याच्या कडेला, खडबडीत पट्टीवर गेली होती. मी सावरून पुढची पाटी वाचली, तर वाशिंद मागे पडलं होतं आणि ते कधी आलं हे मला आठवेना. डोळे मिटल्याचंही आठवत नव्हतं. मधले काही किलोमीटर नुसते कोरे होते.

ताशी 80 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला 22 मीटर पुढे सरकते. चार सेकंद डोळा लागला तर जवळजवळ 90 मीटर गाडी कोणीच चालवत नसतं.

म्हणून परतीची तयारी आदल्या रात्रीच करायची:

- उद्या कोण चालवणार ते जेवणाआधी ठरवा. दोघांना येत असेल तर रस्ता वाटून घ्या. घाट एकाने, सपाटी दुसऱ्याने.
- चालवणाऱ्याला शेकोटीच्या मैफलीतून लवकर सोडा. त्याचा तंबू गलक्यापासून लांब लावा. कानात घालायचे बोळे दहा-वीस रुपयांना मिळतात, तेवढे आठवणीने न्या.
- सकाळी तंबू उतरवण्याचं काम बाकीच्यांनी करायचं. त्याने चहा प्यावा आणि टायर बघावेत.

निघायचं कधी?

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. लोक सुट्टीचा शेवटचा थेंब पिळायला बघतात आणि नेमके सगळे एकाच वेळी निघतात. पर्याय असे:

- काजवे बघून त्याच रात्री: करू नका. मध्यरात्र ते पहाट हा शरीराचा झोपेचा हक्काचा वेळ. घोटीपर्यंतचा सुमारे 35 किलोमीटरचा रस्ता अरुंद, वळणांचा, दिवे नसलेला. पुढे महामार्गावर ट्रक. तंबूचं आरक्षण मिळालं नाही म्हणून हा बेत करणार असाल तर पुढच्या आठवड्यात जा.
- रविवारी सकाळी नाश्ता करून: माझं मत याला. नऊ-साडेनऊला चाकं हलली तर ऊन चढायच्या आत घाट उतरतो आणि दुपारी दोनच्या आसपास घरी टेकता. शेवटच्या टप्प्यातल्या कोंडीसाठी म्हणून तासभर जास्तीचा धरा.
- जेवून दुपारी: पोटात पिठलं-भाकरी, बाहेर ऊन, गाडीत एसी. दोन ते चार ही दिवसातली दुसरी डुलकीची वेळ. निघायचंच असेल तर जेवण हलकं ठेवा आणि आधी वीस मिनिटं आडवे व्हा.
- रविवारी संध्याकाळी पाच-सहाला: सगळे याच वेळी निघतात. मुंबईकर भिवंडी बायपास आणि माजिवड्याला, पुणेकर चाकणला दिव्यांच्या लाल रांगेत उभे राहतात. अंतर दोन्हीकडे पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. वेळेचा अंदाज मात्र कोणालाच देता येत नाही.
- सोमवारी पहाटे: रजा मिळत असेल तर उत्तम, पण दोन रात्री पुरेशी झोप झाली असेल तरच. पहाटे उठून थेट ऑफिस गाठायचं असेल तर नको.

मुलांची शाळा, उद्याचा डबा, धुणं यांचा हिशेब उलटा मांडा. घरी किती वाजता पोचायला हवं ते ठरवा आणि तिथून मागे या. निघायची वेळ आपोआप कळते. शिवाय शनिवार-रविवारऐवजी शुक्रवार-शनिवार जमवता आलं, तर या भागातले निम्मे प्रश्न उरत नाहीत.

रात्री घेतली असेल तर

हा प्रश्न फोनवर सहसा बायका विचारतात, आवाज खाली करून. सरळ उत्तर: झोप काढली म्हणजे उतरली असं नसतं. शरीर दारू आपल्याच संथ गतीने पचवतं. कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, लिंबूपाणी यांनी ती गती वाढत नाही. रात्री दोन वाजेपर्यंत पेले भरले असतील तर सकाळी आठला रक्तात ती सापडू शकते. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. त्यापुढे पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते. ज्याने घेतली नाही तो चालवेल. सगळ्यांनी घेतली असेल तर दुपारपर्यंत थांबा, किंवा ड्रायव्हर बोलवा.

गाडी भरताना

येताना नीट घड्या घातलेलं सामान परतताना दीडपट होतं, हा प्रत्येक घराचा अनुभव आहे. पण काही चुका नुसत्या गैरसोयीच्या नसतात, धोक्याच्या असतात.

कोळसा. उरलेले कोळसे "विझलेत की" म्हणून पातेल्यात घालून डिकीत ठेवणारे मी पाहिले आहेत. वरून राख झालेला कोळसा आत धुमसत असतो आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद गाडीत गुंगी येते आणि ती दमल्याची झोप वाटते. कोळशावर पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता, हात लावून गार लागला तरच उचला. छोटा गॅस असेल तर त्याची नळकांडी शेगडीपासून वेगळी करा आणि उन्हात तापलेल्या गाडीत कोंडून ठेवू नका.

ओला तंबू. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सर्वांत मागे.

सुटं सामान. मागच्या काचेजवळच्या फळीवर पाण्याची स्टीलची बाटली, क्रिकेटची बॅट, कढई असं काही ठेवू नका. करकचून ब्रेक लागला की ते मुलांच्या डोक्यात येतं. मागच्या काचेतून रस्ता दिसलाच पाहिजे. गाद्यांच्या ढिगाने ती झाकू नका.

टायर. हवा टायर गार असताना मोजायची, म्हणजे निघताना, तासभर चालवल्यावर नाही. भरलेल्या गाडीला किती हवा हवी ते चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. तंबूच्या मैदानातले दगड आणि खुंट्या यांनी टायरच्या बाजूला चीर गेली आहे का, तेही वाकून बघा.

हाताशी काय हवं: पाणी, दोन रिकाम्या पिशव्या, ओले रुमाल, एक जोड मुलांचे कपडे, खाऊ, औषधं. हे डिकीत गेलं की घाटात गाडी थांबवून अख्खं सामान उपसावं लागतं.

बसायचं कसं

मागे बसणाऱ्यांनाही पट्टा सक्तीचा आहे. न लावल्यास 1,000 रुपये दंड. 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट नसेल तरी तेवढाच. "झोपलंय बिचारं" म्हणून बाळाला पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसणं ही आपल्याकडची फार जुनी आणि फार वाईट सवय. एअरबॅग उघडली तर ती आधी त्या लेकरावर आदळते. डिकीत सामानाबरोबर पोरांना बसवणंही बंद करा. मजा वाटते, पण मागून धडक बसली तर पहिली तीच सापडतात.

रस्ता कोणता धरायचा?

*मुंबई-ठाण्याकडे:* शेंडी, बारी, घोटी इथपर्यंत पर्याय नाही. घोटीपुढे दोन आहेत. एक, जुना मुंबई-आग्रा महामार्ग: कसारा घाट, खर्डी, शहापूर, पडघा. यावर चहा, वडापाव, पंप, पंक्चरवाला सगळं मिळतं. दुसरा, समृद्धी महामार्ग. त्याचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. कसारा घाटाची वळणं त्यामुळे टळतात. बोगद्यांतून थेट भिवंडीजवळ आमण्याला उतरता. पण तो धरण्याआधी पेट्रोल, लघवी, खाणं इगतपुरीतच उरका. कडेला गाडी लावून डबा उघडायची ती जागा नाही. आणि सरळ, मोकळा, एकसुरी रस्ता दमलेल्या चालकाला अंगाईसारखा असतो. झोप कमी झाली असेल तर मी मुद्दाम जुना रस्ता घेते; वळणं आणि वडापाव जागं ठेवतात. वडप्यापासून ठाण्यापर्यंतची गर्दी मात्र दोन्हींना सारखीच.

*पुण्याकडे:* राजूर, अकोले, संगमनेर, मग नाशिक-पुणे महामार्गाने आळेफाटा, नारायणगाव, मंचर, चाकण. आळेफाट्याला थांबा घ्या. चाकणच्या कोंडीत शिरण्याआधी मुलांचं सगळं उरकलेलं बरं.

घाटांबद्दल तीनच गोष्टी. ज्या गियरमध्ये चढला असता त्याच गियरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकाल तर सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होतात. अरुंद चढावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, हा नियमच आहे. पावसात-धुक्यात चारही इंडिकेटर लावून चालवू नका. मागच्याला तुम्ही वळताय की उभे आहात ते कळत नाही. खालचे दिवे पुरेत.

कोकणातून परतणाऱ्यांनी पावसाळ्याच्या तोंडावर घाट सुरू आहे का याची आधी चौकशी करावी. भोर-महाड रस्त्यावरचा वरंधा घाट पावसाळ्यात वारंवार बंद ठेवला जातो, आणि फोनवरचा नकाशा ते दर वेळी वेळेत सांगेलच असं नाही. धरणाच्या मागच्या गावांत मोबाइलला रेंज मिळेलच याचा भरवसा नाही, म्हणून नकाशा घरूनच उतरवून ठेवा.

डोळे जड झाले तर

काच उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं, बायकोने चिमटे काढणं: हे सगळं पाच-दहा मिनिटांचं. झोपेला औषध एकच, झोप.

पेट्रोलपंप किंवा ढाब्यासारख्या उजेडाच्या जागी थांबा. आधी कडक कॉफी किंवा चहा घ्या, मग लगेच 15-20 मिनिटांचा गजर लावून डोळे मिटा. कॉफीचा परिणाम व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे उठताना दोन्हींचा फायदा मिळतो. तोवर दुसऱ्या मोठ्या माणसाने मुलांना गाडीबाहेर न्यायचं. हे न केल्यास ती वीस मिनिटं फुकट जातात. महामार्गाच्या कडेला, अंधारात, ट्रकच्या मागे गाडी लावून झोपू नका.

एक बारीकशी गोष्ट: एसीचं बटण आतलीच हवा फिरवण्यावर तासन् तास ठेवू नका. पाच माणसांच्या श्वासाने गाडीतली हवा जड होते आणि सुस्ती येते. अधूनमधून बाहेरची हवा घ्या.

मागचे दोन-चार किलोमीटर आठवत नसतील, नेहमीचं वळण चुकलं असेल, किंवा शेजारच्याला तीनदा "काय म्हणालास?" विचारलं असेल, तर पुढच्या पंपावर थांबायचंच. "आता काय, तासाभराचंच राहिलंय" हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे, आसनगावला.

पोरांना गाडी लागते

रिकाम्या पोटी आणि तुडुंब पोटी, दोन्हींत लागते. पोहे-इडली असं हलकं द्या. मोबाइल काढून घ्या. खाली मान घालून पडदा बघितला की दहा मिनिटांत उलटी. मधल्या सीटवरून समोरचा रस्ता बघायला लावा. आलेपाक, आवळासुपारी, लिमलेटची गोळी यांचा अनेकांना उपयोग होतो. औषधाची गोळी द्यायची तर निघण्याआधी अर्धा-एक तास, आणि मुलांचा डोस डॉक्टरांना विचारूनच. गाडी लागण्याच्या बहुतेक गोळ्यांनी झोप येते, म्हणून चालकाने त्या घेऊ नयेत.

नाक्यावर आणि पंपावर तुमचे हक्क

- राष्ट्रीय महामार्गावर वैध फास्टॅग नसेल आणि रोख भरलीत तर दुप्पट टोल. यूपीआयने भरलात तर सव्वापट. हा नियम 15 नोव्हेंबर 2025 रोजी लागू झाला. म्हणजे दुप्पट घेतले ते नियमानेच. शिल्लक आदल्या रात्री बघा. जंगलात रेंज नाही आणि नाक्यावर वेळ नाही.
- फास्टॅग चालू आहे, पैसे आहेत, पण नाक्याचं यंत्र वाचत नाही? राष्ट्रीय महामार्गाच्या नियमांनुसार तुम्हाला टोल न भरता जाता येतं आणि शून्य रकमेची पावती मागता येते. आवाज न चढवता मागा.
- परतीची सवलत (दोन्ही फेऱ्या मिळून दीडपट) 24 तासांच्या आत परतलात तरच. शनिवारी सकाळी जाऊन रविवारी दुपारी येणाऱ्यांना ती सहसा मिळत नाही. त्यासाठी धावपळ करू नका.
- खासगी गाड्यांचा वार्षिक फास्टॅग पास (15 ऑगस्ट 2025 पासून, तेव्हा 3,000 रुपयांत 200 फेऱ्या किंवा एक वर्ष) राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याचे, तिथे तो चालत नाही.
- मुंबईच्या पाचही वेशींवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर 2024 पासून टोल नाही.
- पंपावर हवा, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह ग्राहकाला मोफत. कुलूप दिसलं तर किल्ली मागा. नाही म्हणाले तर तक्रारवही मागा. वहीचं नाव काढलं की बहुधा किल्ली सापडते.
- टपरी-दुकानात पाण्याच्या बाटलीवर "कूलिंगचे" म्हणून छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाहीत. तक्रार 1915 वर.
- लायसन्स, आरसी, विमा डिजिलॉकरमध्ये दाखवला तरी पोलिसांना चालतो. रेंजशिवाय उघडेल असं आधीच बघून घ्या.

गाडी भाड्याची असेल तर

टेम्पो ट्रॅव्हलरचे ड्रायव्हरदादा रात्री कुठे झोपले, हे किती जणांनी विचारलंय? बहुधा सीटवर, डासांत. आणि सकाळी आपल्या सगळ्यांची जबाबदारी त्यांच्यावर. ठरवतानाच त्यांची झोपायची जागा, दोन वेळचं जेवण आणि रात्रीचा भत्ता बोलून घ्या. चालकाच्या कामाच्या तासांना कायद्यानेच मर्यादा आहे. "दादा, अजून एक पॉइंट बघून जाऊ" म्हणताना तेवढं लक्षात असू द्या. ते "झोप येतेय" म्हणाले तर थांबायचं, कुरकुर न करता.

पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणाकडून भाड्याने घेऊ नका. स्वस्त पडते, पण अपघात झाल्यास विमा अडकतो. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी, अक्षरं पिवळी असतात.

वाटेत काही झालंच तर

गाडी बंद पडली: डावीकडे घ्या, चारही इंडिकेटर लावा, त्रिकोणी फलक मागे बऱ्याच अंतरावर ठेवा, सगळ्यांना डाव्या दाराने उतरवून कठड्यापलीकडे उभं करा. गाडीत बसून राहू नका, पाऊस असला तरी. राष्ट्रीय महामार्गावर 1033, एरवी 112. विम्यात रस्त्यावरच्या मदतीची सोय असेल तर तो नंबर फोनमध्ये नको, कागदावर हवा. टोइंगवाल्याशी दर ठरवल्याशिवाय हूक लावू देऊ नका.

अपघात: 112 किंवा 108. रस्ते अपघातातल्या जखमींना नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळतात; ही योजना 5 मे 2025 रोजी अधिसूचित झाली. आणि दुसऱ्याच्या अपघातात तुम्ही मदतीला थांबलात तर पोलीस किंवा रुग्णालय तुम्हाला नाव-पत्ता सांगायला भाग पाडू शकत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134-अ मध्ये तसं संरक्षण आहे.

घरी पोचल्यावर

बाकी सामान सकाळपर्यंत पडू द्या, तंबू मात्र त्याच संध्याकाळी उघडा. दोरीवर, गॅलरीच्या कठड्यावर, जमेल तिथे. ओला बांधून ठेवलेला तंबू दोन-तीन दिवसांत काळे ठिपके धरतो आणि ते जात नाहीत. झटकताना कोपऱ्यांत बघा. आमच्या तंबूतून आजवर एक चमचा, लेकीचा हरवलेला मोजा आणि सुकलेल्या चिकनचा एक तुकडा निघाला आहे, आणि त्या तुकड्याला लागलेल्या मुंग्या भंडारदऱ्याच्या होत्या की आमच्या इमारतीतल्या, यावर घरात अजून एकमत नाही.